गोठलेल्या नमुन्यांसाठीची अतिनील शीतपेटी: उन्हाळ्यापासून हिवाळ्यापर्यंतचा अनुभव

ध्रुवीय समुद्री बर्फावर सूर्यप्रकाश पडल्यावर जे रसायन घडते, त्याचे लहान प्रयोग वडोदऱ्यातच करता यावेत, म्हणून आमच्या प्रयोगशाळेने गेल्या उन्हाळ्यात अतिनील दिवा व क्वार्ट्झची खिडकी असलेली शीतपेटी घेतली.

तिची खरी जमेची बाजू म्हणजे तापमान. बाहेर ऊन रणरणत असतानाही ती उणे ३० अंशांपर्यंत उतरते आणि तेथे स्थिर राहते. घरगुती डीप फ्रीझरचे उणे १८ अंश या कामाला पुरत नाहीत, कारण मिठाचे पाणी पूर्ण गोठायला उणे २१.२ अंशांखाली जावे लागते. त्याहून जास्त तापमानाला बर्फाच्या कणांमध्ये खारट द्रव उरतो आणि नायट्रेट, ब्रोमाइड हे विरघळलेले क्षार त्यातच एकवटतात. या दोन्ही अवस्था एकाच पेटीत तपासता येतात, एवढ्यासाठी तिची किंमत मला वाजवी वाटते.

दिव्याबद्दल मात्र तसे म्हणवत नाही. सोबत आला तो २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचा जंतुनाशक दिवा. जमिनीवर पोहोचणाऱ्या उन्हात २९० नॅनोमीटरखालचे किरण जवळजवळ नसतातच, तेव्हा त्या दिव्याखाली जे घडेल त्याचा आर्क्टिकशी संबंध जोडणे धाडसाचेच. नायट्रेट ३०२ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषते आणि त्यातून नायट्रोजन डायऑक्साइड व थोडे नायट्राइट तयार होते. म्हणून आम्ही ३१० नॅनोमीटरच्या जवळपासची यूव्हीबी नळी बसवून घेतली. त्यानंतर क्वार्ट्झच्या कुपीतला नमुना वितळवून ग्रिस अभिकर्मक (नायट्राइट असल्यास गुलाबी होणारे रसायन) टाकल्यावर फिकट, पण स्पष्ट गुलाबी छटा आली. फॉइलमध्ये गुंडाळलेली जोडीची कुपी रंगहीन राहिली.

पावसाळ्यात खिडकीवर बाहेरून हिमाचा थर साचतो व प्रकाश घटतो. कोरड्या नायट्रोजनचा बारीक झोत सोडला की काम भागते, पण ही सोय मुळातच हवी होती.

ब्रोमीनचे प्रयोग या पेटीत करू नयेत. आर्क्टिकमध्ये वसंतात सूर्य परतल्यावर समुद्री बर्फावरील खारट हिमातून ब्रोमीन सुटते, त्याचे अणू ओझोन नष्ट करतात, आणि एरवी ३० ते ४० पीपीबी (हवेच्या एक अब्ज भागांत इतके भाग) असणारा जमिनीलगतचा ओझोन कधी कधी १ पीपीबीच्याही खाली जातो. हे अभ्यासायचे तर वायुमार्ग टेफ्लॉनचा लागतो. येथे नळ्या आणि गास्केट रबरी आहेत, आणि रबर ब्रोमीन खाऊन टाकते. टेफ्लॉनचे भाग वेगळे मिळतात असे विक्रेता सांगतो, परंतु वारंवार मागूनही दरपत्रक अद्याप हाती आलेले नाही.