कोळशाविना हुक्का : विजेच्या हेडचा काही महिन्यांचा अनुभव

दुबईत फ्लॅटमध्ये राहून हुक्का ओढणाऱ्याची खरी कटकट तंबाखूची नसून कोळशाची असते. नारळाच्या करवंटीच्या कोळशाच्या वड्या शेगडीवर सगळीकडून लाल व्हायला आठ-दहा मिनिटे लागतात, तोवर खोलीत वास कोंडतो आणि चिमट्यातून निसटलेला एखादा निखारा गालिचाला भोक पाडायला पुरेसा होतो. या कारणांसाठी मी गेल्या हिवाळ्यात चिलमीवर बसणारे विजेचे हेड घेतले. हुक्का, नळी, पाणी, गुळाच्या पाकात मुरवलेला तंबाखू हे सारे पूर्वीचेच असून निखाऱ्यांच्या जागी तेवढी तापणारी सिरॅमिकची चकती आली आहे.

सर्वांत मोठा फरक झुरका घेताना जाणवतो. निखाऱ्याला झुरक्याबरोबर हवा मिळते आणि नेमकी गरज असते तेव्हाच तो अधिक प्रखर होतो; विजेच्या चकतीला ही समज नाही, उलट आत ओढल्या जाणाऱ्या थंड हवेने ती किंचित निवते आणि तापमान पुन्हा चढायला थोडा अवधी घेते. त्यामुळे लागोपाठ लांब झुरके घेणाऱ्याला धूर पातळ वाटतो, तर उष्णता वाढवून ठेवली की चकतीच्या लगतचा तंबाखू करपून घशाला कडवट लागतो. चिलीम सैल भरणे, मध्यम उष्णतेवर राहणे आणि दोन झुरक्यांत अंतर ठेवणे, एवढे पाळले तर चव शेवटपर्यंत एकसारखी राहते, आणि या बाबतीत मला ते कोळशापेक्षा सरस वाटले. वायरचे मात्र काही करता येत नाही: उंच हुक्क्याच्या डोक्यावरून लोंबणारी वायर कुणाच्या पायात अडकली की सगळा डोलारा हलतो, आणि घरात लहान मूल असेल तर हा दोष किरकोळ मानता येणार नाही.

बंद खोलीत कोळशाच्या हुक्क्यानंतर येणारे डोके जड होणे माझ्यापुरते थांबले. बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठातील संशोधकांनी 2008 मध्ये कोळसा आणि वीज यांची तुलना केली, तेव्हा हुक्क्याच्या धुरातील सुमारे 90 टक्के कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे डोके जड करणारा विषारी वायू, कोळशातून येतो असे त्यांना आढळले होते. परंतु निकोटीन तंबाखूतूनच येते, आणि पाण्यातून गाळला म्हणून धूर निर्धोक होत नाही; त्यामुळे विक्रेते या हेडला ‘आरोग्यदायी’ म्हणतात ते मला पटत नाही. शिवाय पेटवण्याचा खटाटोप संपल्यामुळे हुक्का अधिक वेळा मांडला जातो, ही बाब जाहिरातीत कोणी सांगत नाही.

पुण्यातील एका नातलगाने असेच हेड येताना आणायला सांगितले होते. मी नकार दिला. भारतात 2019 च्या ई-सिगारेट प्रतिबंध कायद्याच्या व्याख्येत ई-हुक्क्याचा स्पष्ट उल्लेख असून आयात आणि विक्री दोन्हींवर बंदी आहे, आणि पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तेव्हा हा अनुभव आखातात किंवा जिथे परवानगी आहे तिथे राहणाऱ्यांच्याच उपयोगाचा आहे. त्यांनी घेण्यापूर्वी आपली चिलीम दुकानात नेऊन हेड तिच्यावर घट्ट बसते का ते पाहावे, आणि चकती सुटी मिळते का हे विचारावे, कारण तिच्यावर पाकाचे जळके थर चढतात आणि ते खरवडताना माझ्या चकतीला एव्हाना चरे पडले आहेत.