पाटणकडं घर बांधताय? काळा दगड की जांभा

सातारा जिल्ह्यात पाटण, मेढा, बामणोलीच्या पट्ट्यात गावाकडचं घर काढलं की गवंडी आधी विचारतो, दगड कुठला? जवळच्या खाणीतला काळा दगड घ्यायचा, की कुंभार्ली घाट चढून चिपळूणकडून येणारे जांभ्याचे चिरे? दोन्हींच्या भिंतींत मी राहिलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मुळात हे दोन्ही एकाच कुळातले. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर निवला आणि बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण तयार झाला. अजिंक्यताऱ्याच्या उतारावर दिसणाऱ्या पायऱ्या हे तेच थर. पुढं उष्ण, दमट हवेत लाखो वर्षांच्या पावसानं या बेसॉल्टमधली सिलिका, चुना, सोडा धुऊन नेला. मागं उरलं लोखंड आणि ॲल्युमिनियम, तोच जांभा. पाचगणीचं टेबललँड आणि कासचं पठार ही त्याचीच टोपी. स्कॉटिश सर्वेक्षक फ्रान्सिस बुकानननं केरळातल्या अंगाडीपुरमला हा दगड पाहिला आणि 1807 मध्ये छापलेल्या पुस्तकात त्याला लॅटराइट म्हटलं; लॅटिनमध्ये ‘लॅटर’ म्हणजे वीट. नाव अचूक आहे, कारण खाणीत ओला असताना तो विटेसारखा कापता येतो आणि हवा लागली की कडक होतो.

काळ्या दगडाचं बळ निर्विवाद. साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटेची विहीर पाहा, पिढ्यान्‌पिढ्या पाण्यात उभी आहे. पण एक घनफूट दगड 80 किलोच्या घरात भरतो, त्यामुळं उचलायला माणसं लागतात आणि घडवायला पाथरवट. चांगला पाथरवट आता शोधावा लागतो. शिवाय काळा दिसला म्हणजे चांगला असं नाही. सुतकीनं, म्हणजे पाथरवटाच्या हातोडीनं, ठोकून बघा. खणखणीत वाजला तर घ्या, बद्द आवाज आला तर आत चीर किंवा कुजट भाग असणार. फोडल्यावर पांढरे-हिरवट ठिपके दिसले तर तो मांजऱ्या. लाव्हातल्या वायूच्या पोकळ्या जिओलाइट, कॅल्साइट, गारगोटीनं भरून झालेले ते ठिपके. दिसायला फार देखणे, पोरं खिशात घालून नेतात, पण पायाला असा दगड मी घेणार नाही. ठिपके निखळतात आणि तिथून पाणी शिरतं.

जांभा हलका, चौकोनी, रचायला झटपट. दोन गवंडी दिवसात बरीच भिंत उभी करतात. तो सच्छिद्र असल्यानं उन्हाळ्यात खोली निवांत राहते, हे मी अनुभवानं सांगतो. दुखणंही त्याच छिद्रांत आहे. चुलत्यांनी गोठ्याची मागची भिंत थेट मातीतून जांभ्यानं उचलली होती. चौथ्या पावसाळ्यानंतर खालच्या दोन थरांना हात लावला की तळव्यावर तांबडी पूड यायची. वरचा भाग मात्र ठणठणीत होता, कारण तिथं पत्र्याची पागोळी लांब होती.

आमच्या भागात भूकंप विसरून चालत नाही. 11 डिसेंबर 1967 ची कोयनेची पहाट आमच्या घरातली वडीलधारी माणसं अजून सांगतात. भिंत जितकी जड, तितका हादरा तिला जास्त ओढतो. इथं जांभ्याचं हलकेपण कामाला येतं. पण चिखलात रचलेली डबराची जाड भिंत सर्वांत वाईट. तिचे आतले-बाहेरचे दोन पदर सुटतात आणि पोटातून फुगून पडतात. म्हणून काळा दगड वापरलात तर भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड मध्येमध्ये घालाच, आणि दगड कुठलाही असो, जोत्याला आणि दारा-खिडक्यांच्या वर सळईच्या काँक्रीटचा पट्टा फिरवा. यात काटकसर नको.

एकमजली घराला माझा कौल असा: पाया आणि जोतं, जमिनीवर दोन फुटांपर्यंत, काळ्या दगडात; वर जांभा, आणि पागोळी चांगली बाहेर काढलेली. दुमजली बांधायचं असेल तर आरसीसीचा, म्हणजे सळई-काँक्रीटचा, सांगाडा उभा करा, मग जांभा फक्त भरणीला. साताऱ्याकडं, कमी पावसाच्या बाजूला, जांभा आणायचा वाहतूक खर्च मला पटत नाही. तिथं चांगला काळा दगड दारात आहे.

चिरे उतरवण्याआधी एक काम करा. ट्रकमधला कुठलाही एक कोरडा चिरा तोलून घ्या आणि पिंपात चोवीस तास बुडवून पुन्हा तोला. भारतीय मानकात वजनाच्या 12 टक्क्यांपर्यंत पाणी चालतं. 30 किलोचा चिरा 33 किलो 600 ग्रॅमच्या वर गेला, तर ट्रक परत पाठवा.