आयपी पत्त्यामागे कोण आहे? रिव्हर्स डीएनएस, हूइज की एएसएन

सर्व्हरच्या लॉगमध्ये एकच आयपी पत्ता रात्रभर पासवर्ड आजमावताना दिसला की पहिला प्रश्न येतो, हा आहे कोण? शोधायचे मार्ग तीन, आणि तिघांची उत्तरं वेगळी निघू शकतात. १.१.१.१ हा प्रसिद्ध पत्ताच घ्या. रिव्हर्स डीएनएसला, म्हणजे पत्त्यावरून नाव सांगणाऱ्या यंत्रणेला, विचारलं तर 'वन डॉट वन डॉट वन डॉट वन' असं नाव येतं. हूइजमध्ये, म्हणजे कोणता पत्ता कुणाला दिला त्या नोंदवहीत, तो एपनिकच्या, म्हणजे आशिया-पॅसिफिकमध्ये पत्ते वाटणाऱ्या संस्थेच्या, नावावर दिसतो, देश ऑस्ट्रेलिया. आणि त्याच्यापर्यंत पोहोचायचा मार्ग (रूट) जगभर जाहीर करतं एएस १३३३५, म्हणजे क्लाउडफ्लेअर कंपनीचं नेटवर्क. अशा स्वतंत्र नेटवर्कला एएस म्हणतात आणि त्याच्या क्रमांकाला एएसएन. तिन्ही उत्तरं खरी आहेत.

जमिनीच्या भाषेत सांगायचं तर रिव्हर्स डीएनएस ही दारावरची पाटी, हूइज हा सातबाऱ्यातला सात, आणि एएसएन ही बारामधली पीकपाहणी: आज जमीन कसतंय कोण.

पाटी वाचणं सगळ्यात सोपं. विंडोज, लिनक्स, मॅक, कुठेही 'एनएसलुकअप' लिहून पुढे पत्ता द्यायचा. आतमध्ये पत्त्याचे आकडे उलटे लावून त्याची पीटीआर नोंद, म्हणजे त्या पत्त्यापुढे लिहिलेलं नाव, शोधली जाते, म्हणून हे 'रिव्हर्स'. ८.८.८.८ दिलात तर 'डीएनएस डॉट गूगल' येईल. पण पीटीआर नोंद लिहितो तो त्या पत्त्यांचा ताबा असलेलाच, आणि तो तिथे कुणाचंही नाव लिहू शकतो. कित्येक पत्त्यांना नोंदच नसते. त्यामुळे मिळालेलं नाव पुन्हा पत्त्यात बदलून पाहायचं. तोच पत्ता परत आला तरच नावावर विश्वास. गूगलसाठी वेबपानं वाचत फिरणारा प्रोग्राम म्हणजे गूगलबॉट. 'मी गूगलबॉट आहे' म्हणणारा खरा की तोतया, हे तपासायला गूगलही हीच दुहेरी पडताळणी सांगतं. माझ्या मते रिव्हर्स डीएनएसचा सर्वात मोलाचा उपयोग हाच आहे. मालक शोधायला मात्र ते अपुरं पडतं.

मालक हवा असेल तर नोंदणीकडेच जावं लागतं. जगात पत्ते वाटणाऱ्या पाच प्रादेशिक संस्था आहेत. भारतात एपनिकच्या छत्राखाली निक्सी या इंटरनेट एक्स्चेंज संस्थेची आयआरआयएनएन ही शाखा हे काम बघते. जुनं हूइज पोर्ट ४३ वरून साधा मजकूर देतं, आणि प्रत्येक संस्थेची मांडणी वेगळी. २०१५ साली प्रमाणित झालेलं आरडीएपी, म्हणजे हूइजची नवी पद्धत, तीच माहिती एचटीटीपीएसवरून, ठरलेल्या साच्यात देतं. आज नवीन स्क्रिप्ट लिहिणार असाल तर बेलाशक आरडीएपी घ्या. हाताने एखादाच पत्ता बघायचा असेल तर हूइजही पुरतं.

दोन्हींत सगळ्यात आधी शोधायची ती ॲब्यूज संपर्काची, म्हणजे गैरवापराची तक्रार कुठे करायची त्याची, ओळ. सुरुवातीला मी तक्रारी रिव्हर्स डीएनएसने दिलेल्या नावातल्या डोमेनच्या मालकाला पाठवायचो. उत्तर कधीच आलं नाही. पत्त्यांचा गट ज्याच्या नावावर आहे त्याच्या ॲब्यूज ईमेलवर लिहायला लागलो, तेव्हा कुठे कारवाई होऊ लागली. इथली देशाची नोंद मात्र ठिकाण समजू नका. १.१.१.१ ऑस्ट्रेलियाच्या नावावर असला तरी उत्तर देणारा सर्व्हर तुमच्या जवळच्या शहरात असू शकतो.

एएसएनकडे मी हल्ला पसरलेला असतो तेव्हा वळतो. दोनशे वेगवेगळे पत्ते, हूइजमध्ये पाच-सहा नावं, पण सगळे एकाच एएसमधून येत असतील तर ब्लॉक काय करायचं ते लगेच कळतं. भाड्याने दिलेल्या गटांत हूइज मूळ धारकाचं नाव दाखवत राहतं आणि वापर दुसराच करत असतो. तिथेही एएसएनच कामी येतं. पत्ता दिला की एएस सांगणारी टीम कमरीची (Team Cymru) सेवा किंवा राइपस्टॅट ही वेबसाइट यासाठी पुरेशी आहे.

माणसाचं नाव या तिघांपैकी कुणीच देत नाही. मोबाइल कंपन्या सीजीनॅट वापरतात, म्हणजे मोठ्या सोसायटीला एकच पोस्टाचा पत्ता आणि आत शेकडो बिऱ्हाडं. त्यातलं नेमकं बिऱ्हाड फक्त कंपनीच्या लॉगमधून सापडतं, आणि ते पोलिसांमार्फतच मागता येतं. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२च्या निर्देशांनुसार भारतात लॉग १८० दिवस जपून ठेवायचे असतात, म्हणून तक्रारीला उशीर करू नका. पत्त्यासोबत सोर्स पोर्ट (जोडणी ज्या पोर्ट क्रमांकावरून आली तो) आणि सेकंदापर्यंतची वेळ द्या, आणि ती वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) की भारतीय तेही लिहा. साडेपाच तासांच्या फरकात तोच पत्ता भलत्याच ग्राहकाकडे गेलेला असू शकतो.