निळा पाइप आणि माझे २,२०० रुपये

माझी बुलेट जुनी, कार्बोरेटरवाली (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देतो तो भाग). वैशाखात अमळनेरला सखाराम महाराजांच्या यात्रेच्या गर्दीत तासभर पहिल्या गियरमध्ये सरकत होतो. ऊन असं, की टाकीला हात लावता येईना. घरी येऊन बघतो तर बेंड पाइप, म्हणजे इंजिनातून सायलेन्सरकडे जाणारा वाकडा पाइप, वळणावर सोनेरी, पुढे जांभळा आणि इंजिनाजवळ थेट मोरपंखी निळा. जीव खालीवर झाला.

त्याच आठवड्यात धुळ्याला काम निघालं. हायवेला एका दुकानावर बोर्ड होता, ‘सायलेन्सर सिरॅमिक कोटिंग, ५ वर्षं गॅरंटी’. आतला पोरगा भारी गोड बोलणारा. “दादा, इंजिन जळतंय तुमचं. असंच चालवलं तर पिस्टन धरेल.” झालं, मी घाबरलो. २,२०० ठरले. पाइप उतरवलाच नाही त्यानं. गाडीवरच ड्रिलला बफ लावून खसाखसा घासला, वरून डब्यातला स्प्रे मारला, चहा पाजला. पाऊण तासात पाइप आरशासारखा. पावती मागितली तर वहीच्या चिटोऱ्यावर ‘कोटिंग’ एवढंच, ना दुकानाचं नाव, ना तारीख. तिथंच डोळे उघडायला हवे होते.

परतीच्या रस्त्यातच रंग जळल्याचा वास सुटला. आठ दिवसांत पापुद्रे निघाले, आणि मृगाच्या पहिल्या पावसानंतर निळ्याच्या जागी तांबूस गंज. पुन्हा धुळं गाठलं, तर उत्तर मिळालं, “गॅरंटी कोटिंगची असते दादा, उष्णतेची नसते.” सायलेन्सरच्या कोटिंगला उष्णतेची गॅरंटी नाही! मी खरंच हसलो.

शेवटी गावातल्या म्हाताऱ्या मिस्तरीकडे गेलो. त्यानं चिंधीवर थिनर ओतलं, उरलेल्या पापुद्र्यावर एकदा फिरवलं आणि चिंधी माझ्यापुढे धरली. चंदेरी झालेली. “यडा शे का रे भो? हाऊ तर नुसता रंग शे.”

मग त्यानं समजावलं. तापलेल्या धातूवर ऑक्साइडचा अतिपातळ थर येतो, त्याच्या जाडीप्रमाणे प्रकाश वेगवेगळा रंग दाखवतो. सोनेरी, जांभळा, निळा हा क्रम त्यातूनच. एकेरी, म्हणजे एकाच पत्र्याचा पाइप असला की नव्या गाडीचाही निळा पडतो, त्यात बिघाड असेलच असं नाही. माझ्या गाडीत थोडं कारण होतं: पेट्रोल कमी, हवा जास्त जात होती, शिवाय पाइप इंजिनाच्या हेडला जोडतो तिथली पॅकिंग फुंकत होती, म्हणजे गळत होती. तिथली काजळी त्यानं बोटानं पुसून दाखवली. पॅकिंग बदलली, कार्बोरेटर नीट जुळवून दिला, १८० रुपयांत काम.

पाइप मात्र गेला तो गेलाच. क्रोमचा थर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ, त्याखाली निकेल, त्याखाली साधं लोखंड. त्या बफनं क्रोम आणि निकेल दोन्ही खाल्लं होतं. निळेपणा घालवायचाच असेल तर गार पाइपवर क्रोमचं पॉलिश मऊ फडक्यानं, हलक्या हातानं लावायचं, घासपेपर नाही. खरं सिरॅमिक करणारा आधी पाइप उतरवतो, ब्लास्टिंग करून, म्हणजे जोरात बारीक कण मारून साफ करतो, मग लेप देतो, बहुतेक वेळा भट्टीत भाजतो. चहा संपेपर्यंत उरकणारं ते काम नाही.

नवा पाइप टाकला. तोही वळणावर सोनेरी झालाय, मी फक्त पुसतो. परवा धुळ्याला गेलो होतो, बोर्ड तिथंच आहे. आता ५ च्या जागी १० वर्षं लिहिलंय.