विहिरीत गप्पी सोडावा की पंचॅक्स?

दोन्ही डासांच्या अळ्या खाणारे छोटे मासे. गप्पी दक्षिण अमेरिकेचा. भारतात आला १९०८ साली. थेट पिल्लंच देतो, घाण पाण्यातही तगतो, म्हणून बंदिस्त सिमेंटच्या टाकीला तो चालेल. पण पावसात टाकी भरून वाहिली की तो ओढ्यात जातो आणि तिथल्या माशांच्या वाट्याचं खातो.

पंचॅक्स मात्र आपल्याच ओढ्या-तळ्यांतला. डोक्यावर चंदेरी ठिपका, तोंड वर वळलेलं. डासांच्या अळ्या श्वास घ्यायला पृष्ठभागाशी लटकतात आणि हा नेमका तिथेच फिरतो, अळी दिसली की झडप घालतो! गोव्यात याच कुळातल्या माशाचे मलेरियाविरुद्ध प्रयोग झाले आहेत. अंडी पाणवनस्पतींना चिकटवतो, म्हणून विहिरीतलं शेवाळ-गवत सगळं खरवडू नका. विहिरीत, तळ्यात मी पंचॅक्सच सोडेन.