अँकी: वाचलेलं टिकवणारं अ‍ॅप, पण कार्डं स्वतःच बनवा

पुण्याच्या सदाशिव पेठेत एमपीएससी करणाऱ्यांच्या कुठल्याही अभ्यासिकेत डोकावा. पॉलिटीच्या, म्हणजे राज्यघटना आणि राज्यव्यवस्थेच्या, पुस्तकावर पिवळा, गुलाबी, हिरवा हायलायटर फिरलेला, तिसरं नाहीतर चौथं वाचन चालू. आणि टेस्ट सिरीजचा पेपर हातात पडला की चारपैकी दोन पर्याय सारखेच बरोबर वाटतात. माझ्या रूममेटचं हेच होत होतं. तिच्याइतकं बसून वाचणारं आमच्या खोलीत कुणी नव्हतं, त्यामुळे ते बघून फार वाईट वाटायचं. अँकीबद्दल सविस्तर लिहावंसं वाटलं ते त्यामुळेच.

अ‍ॅप साधं आहे. कार्डावर पुढे प्रश्न, मागे उत्तर. उत्तर मनात म्हणायचं, मग कार्ड उलटायचं आणि कितपत आलं ते चारपैकी एक बटण दाबून प्रामाणिकपणे सांगायचं. आलं तर तेच कार्ड उद्या येतं, मग काही दिवसांनी, मग महिन्याने. नाही आलं तर लगेच पुन्हा. २००६ पासून हे अ‍ॅप आहे. कॉम्प्युटरवर आणि अँड्रॉइडवर फुकट, देवनागरीही नीट दिसते. आयफोनवर मात्र पैसे मोजावे लागतात.

यामागचं शास्त्र मात्र बरंच जुनं. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरजुळण्या पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि ते १८८५ मध्ये छापले. आपलं फर्ग्युसन सुरू झालं ते हेच वर्ष. पाठ केलेलं पुन्हा पाठ करताना किती मेहनत वाचते, हे ते मोजत. तासाभराने साधारण ४४ टक्के, दिवसाने ३४, महिन्याने २१. म्हणजे बहुतेक गळती पहिल्याच दिवशी होते आणि पुढे मंदावते. मला यातला दिलासा मोठा वाटतो: महिन्यानंतरही काहीतरी उरलेलं असतं, पाटी कोरी होत नाही. पहिली उजळणी लवकर आणि पुढच्या लांबवत न्यायच्या, हे अँकीचं वेळापत्रक त्याच गळतीला धरून आहे.

पण खरी ताकद उत्तर आठवायला लावण्यात आहे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये कॉलेजच्या मुलांना उतारे दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ विरुद्ध ७५ टक्के. आठवड्याने मात्र ते ४२ वर आले आणि आठवून लिहिणारे ५६ वर राहिले. हायलायटरवाल्या वाचनाची अडचण हीच आहे. पान ओळखीचं झालं की 'येतंय की' असं वाटतं, आणि ओळखणं म्हणजे आठवणं नव्हे.

वाचलेलं ऐनवेळी न आठवण्याचं दुसरं कारण आमच्या परीक्षेत पदोपदी छळतं: सारख्या गोष्टी एकमेकींच्या आड येतात. राष्ट्रपतींचा अध्यादेश कलम १२३, राज्यपालांचा २१३. क्षमादान राष्ट्रपतींचं ७२, राज्यपालांचं १६१. प्रार्थना समाज १८६७, सार्वजनिक सभा १८७०, सत्यशोधक समाज १८७३. एकेक वेगळं विचारलं तर येतं, एकत्र आलं की गोंधळ. एखादं कार्ड आठ वेळा चुकलं की अँकी ते बाजूला काढून त्यावर 'लीच' (जळू) असा शिक्का मारतं. ही सोय मला सगळ्यात आवडते. असं कार्ड तसंच घोकत बसायचं नाही, मोडून नवं करायचं. अध्यादेशाच्या कार्डावर आम्ही दोन्ही कलमं शेजारी लिहिली आणि खाली एक ओळ घातली: '१२३ चे पहिले दोन अंक अदलाबदल करा.' रूममेट आता शास्त्री रोडवर चहाच्या रांगेत उभी असतानाही ते पटकन सांगते.

कुणाचे तयार डेक, म्हणजे कार्डांचे गठ्ठे, घेऊ नका, हे कळकळीने सांगते. दुसऱ्याची वाक्यं, जुनी आकडेवारी, एकाच कार्डावर पाच-पाच मुद्दे. कार्ड बनवताना 'यातलं नेमकं काय विचारावं' हा विचार डोक्यात होतो, अर्धा अभ्यास तिथेच असतो. एका कार्डावर एकच गोष्ट. आणि धडा समजल्याशिवाय कार्ड नको. न समजलेलं कितीही वेळा समोर आलं तरी ते कुठे चिकटत नाही.

राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक आहे. तिथे मुद्दे आणि सनावळी अँकीतून येतील, उत्तर बांधायला लिहिण्याचाच सराव लागेल. शिवाय रोज नवी वीस कार्डं येऊ देणं हे अ‍ॅपचं मूळ सेटिंग आहे. ते तसंच ठेवलं तर उजळणीचा ढीग बघता बघता वाढतो. चालू घडामोडी धरून दहावर आणा. पूर्वपरीक्षा महिन्यावर आली असेल तर सगळा अभ्यासक्रम कार्डांवर चढवायला घेऊ नका, फक्त चुकलेल्या प्रश्नांची कार्डं करा.