आजीच्या पेटीतला काळवंडलेला रुपया: घासावा की तसाच ठेवावा?

गोव्यात फोंड्याच्या घरी आजीच्या पेटीत 1881 चा पोर्तुगीज रुपया सापडला. पोर्तुगालच्या लुईस राजाचा, चांदीचा, पण काळा पडलेला. आईचा हात लगेच चिंचेकडे गेला. मी तो धरला.

घासलं तर लखलखाट तासाभरात मिळतो. पण चिंच, आमसूल, लिंबू ही आम्लं. तांब्याच्या नाण्याचा तर वरचा थरच खातात. राख किंवा टूथपेस्टने नाण्यावरच्या राजाच्या केसांवर बारीक ओरखडे उठतात, ते कायमचे. जाणकार ते भिंगाखाली लगेच ओळखतो आणि किंमत उतरते.

तसंच ठेवलं तर? चांदीवरचा काळा थर म्हणजे हवेतल्या गंधकाशी झालेला संयोग. तो नाण्याला सहसा इजा करत नाही, उलट वय सांगतो. माझा कौल इकडेच.

तांब्यावर भुरभुरीत हिरवी पूड दिसली तर मात्र थांबू नका. आपल्या खाऱ्या हवेत ती पसरत जाते, जाणकाराला दाखवा. नुसता चिकटपणा असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये (चिकटपणा विरघळवणारा द्रव) बुडवा, घासू नका. पीव्हीसीच्या, म्हणजे मऊ प्लास्टिकच्या पाकिटात तर नाणं ठेवूच नका. पावसाळ्यात डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी हवीच.